दोष पंपाचा नव्हे

गॅलिलिओचे अखेरचे मोठे पुस्तक १६३८ साली हॉलंडातील लायडन येथे छापून निघाले. लेखक त्या वेळी फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथे नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेलेली होती. दोन नव्या शास्त्रांविषयीचे हे पुस्तक संवादरूप आहे. पहिल्या दिवसाच्या चर्चेत साग्रेदो नावाचे पात्र एक हकीकत सांगते. एका टाक्यावर पाणी उपसण्याचा पंप बसवलेला होता. टाक्यातील पाणी ठरावीक पातळीच्या वर असले की पंप भरभरून पाणी देई. पातळी त्याखाली उतरली की थेंबही वर येत नसे. साग्रेदोला वाटले, पंप बिघडला. त्याने दुरुस्तीसाठी कारागिराला बोलावले. कारागिराने सांगितले की पंपात काही दोष नाही. पाणीच इतके खाली गेले आहे की ते एवढ्या उंचीवर ओढून आणता येणार नाही. अठरा हातांच्या वर, म्हणजे आजच्या मापाने साधारण दहा मीटरच्या वर, ओढणारा कोणताही पंप पाणी केसभरही चढवू शकत नाही, मग तो लहान असो वा मोठा.

या कारागिराचे नाव पुस्तकात नाही. गॅलिलिओने त्याचे म्हणणे मात्र खरे मानले आणि त्याचे कारण शोधले. ते कारण चुकले. लांब दोर जसा स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा स्तंभही अठरा हातांनंतर तुटत असावा, असे त्याला वाटले. सहा वर्षांनी, १६४४ मध्ये, त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच वाटीत उलटी धरल्याचे एका पत्रात कळवले, आणि खरी गोष्ट पुढे आली. पंप पाणी ओढत नसतोच. तो फक्त नळीतली हवा काढून जागा मोकळी करतो; पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. तिची ताकद संपली की पंपाची करामतही संपते. समुद्रसपाटीला ही ताकद ७६ सेंटिमीटर पाऱ्याइतकी किंवा दहा मीटर पाण्याइतकी. मिस्त्रीची माहिती अचूक आणि शास्त्रज्ञाची उपपत्ती चूक, असा हा प्रसंग आहे.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही मर्यादा पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. विहीर खोल असली की पंप काठावर ठेवून चालत नाही. आतल्या टप्प्यावर, पाण्याच्या जवळ उतरवावा लागतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की मोटर ‘पाणी सोडते’. फूट व्हॉल्व्हमध्ये काडी अडकली किंवा सक्शनच्या पाइपाला बारीक चीर गेली, तर पंप नवा कोरा असला तरी नुसता गरगरतो. त्यातली चीर तर फार फसवी. वर चढणाऱ्या पाइपाला भोक पडले तर पाण्याची चिळकांडी उडते आणि दोष दिसतो. ओढणाऱ्या पाइपाला भोक पडले तर बाहेर काहीच येत नाही. हवा गुपचूप आत जाते. पुढे जे सांगायचे आहे ते सारे या एका फरकावर उभे आहे.

विज्ञानाच्या इतिहासात साग्रेदोच्या पंपाची गोष्ट वायुदाबाच्या शोधाची नांदी म्हणून येते. मला ती दुसऱ्याही एका इतिहासाचे पहिले पान वाटते. यंत्र अडले की दोष कोणाच्या माथी मारला जातो, याचा तो इतिहास आहे. डिझेल ट्रकच्या दुनियेत त्याची उदाहरणे पावलोपावली सापडतात. गाडी चढाला दम टाकते, इंधनाचा दाब कमी आहे असे कळते, पंप बदलला जातो, खर्च होतो, आणि दाब होता तिथेच राहतो. मग नवा पंपही खराब निघाला, असे म्हणून तिसरा मागवला जातो. असे का होते, याचे उत्तर पंपाच्या रचनेत जितके आहे तितकेच पंपाच्या इतिहासात आहे. (मराठीत ‘डिझेल पंप’ म्हटले की आधी रस्त्याकडेला तेल भरण्याची जागा आठवते. इथे इंजिनाच्या अंगावरचा पंप अभिप्रेत आहे.)

मोटारीच्या पहिल्या पिढीला इंधनाच्या पंपाची गरजच नव्हती. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत पेट्रोलची टाकी बैठकीखाली असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली कार्ब्युरेटरमध्ये उतरे. टाकी भरत आली असताना ठीक; पण ती अर्धीअधिक रिकामी असताना तीव्र चढ लागला की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जाई आणि इंजिन उपाशी पडे. तोडगाही गमतीचा होता: गाडी उलटी वळवून रिव्हर्समध्ये टेकडी चढायची. पुढे टाकी मागे गेली आणि इंजिनाच्याच शोषणशक्तीने पेट्रोल वर खेचणारी ‘व्हॅक्यूम टाकी’ आली. तिची खोड अशी की लांब चढावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, म्हणजे पेट्रोल सर्वांत जास्त लागते नेमके तेव्हा, शोषण मंदावे. टाकीपासून इंजिनापर्यंतचे ते चार-सहा हात अंतर ओलांडणे हा प्रश्न असा सुरुवातीपासूनचा आहे. इंजिनाच्या इतिहासकारांनी त्याला फारशी जागा दिलेली नाही, कारण त्यात नायक नाही.

डिझेलच्या कथेत नायकांची वाण नाही. रुडॉल्फ डिझेलला १८९३ मध्ये पेटंट मिळाले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन कसोटीला उतरले. हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटावे, ही कल्पना. पण त्या दाबलेल्या हवेत इंधन शिरवायचे कसे? डिझेलने त्याहून अधिक दाबाची हवा वापरून इंधनाची फवारणी केली. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. तो जड, महाग आणि नाजूक. अशी इंजिने कारखान्यांत आणि जहाजांत बसली; ट्रकवर बसणे शक्य नव्हते. १९१३ मध्ये अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून डिझेल नाहीसा झाला. त्याचे इंजिन रस्त्यावर आलेले त्याने पाहिले नाही.

१९२४ पर्यंत बेंझ आणि एम.ए.एन. या जर्मन कंपन्यांनी डिझेलचे ट्रक लोकांपुढे आणले, पण प्रत्येकाचा पंप वेगळा आणि लहरी. रॉबर्ट बॉशने १९२२ च्या अखेरीस हा प्रश्न हाती घेतला आणि १९२७ मध्ये त्याच्या कारखान्यातून एकामागे एक सारखे पंप बाहेर पडू लागले. प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या आणि त्याची नळी. दट्ट्याच्या अंगावर तिरकी खाच; दट्ट्या थोडा फिरवला की त्या खाचेमुळे इंधन कमी-जास्त जाते. दट्ट्या आणि नळी यांमधली फट मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतकी. रबर नाही, वॉशर नाही. केवळ घासाईच्या अचूकपणावर शेकडो वातावरणांचा दाब धरला जातो. दट्ट्या आणि नळी ही जोडी एकमेकांवर घासूनच तयार करतात, म्हणून एकाची नळी दुसऱ्याच्या दट्ट्याला चालत नाही. ही कारागिरी थक्क करणारीच आहे, आणि डिझेलच्या इतिहासाने तिचा केलेला गौरव योग्यच आहे.

पण त्या पंपाच्या कुशीला आणखी एक लहानसा पंप चिकटलेला असे. फीड पंप. टाकीतून डिझेल खेचून, फिल्टरमधून ढकलून, मोठ्या पंपाच्या पोटात साधारण एक ते दीड वातावरण दाबाने ते भरून ठेवायचे, एवढेच त्याचे काम. त्याची रचना मला मोठ्या पंपापेक्षाही शहाणपणाची वाटते. मोठ्या पंपाच्याच कॅमशाफ्टवरचा उंचवटा त्याचा पिस्टन एका बाजूला ढकलतो, पण इंधन पुढे लोटण्याचे काम करते ती स्प्रिंग. पुढची गरज कमी असली, दाब वाढला, की स्प्रिंगला पिस्टन पुरता परतवता येत नाही आणि पुरवठा आपोआप घटतो. माणूस लागत नाही, झडप लागत नाही. त्याच्या डोक्यावर हाताने मारायचा एक छोटा दट्ट्या असतो, तोच आपला हँड प्रायमर. महाराष्ट्रातला कोणताही क्लीनर तो डोळे मिटून चालवू शकत असे.

भारतात हे तंत्र स्वातंत्र्यानंतर लवकरच आले. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये कुर्ल्याला १९४७ पासून डॉज आणि फार्गो ट्रक जोडले जात होते. १९५१ मध्ये बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे ‘मायको’, बॉशच्या साहाय्याने उभी राहिली. १९५४ मध्ये जमशेदपूरहून पहिला टाटा-मर्सिडीज ट्रक निघाला. पुढे मायकोचा कारखाना नाशिकलाही आला. तिथे नोझल आणि इंजेक्टर बनू लागले आणि शहरातल्या एका चौकाला ‘मायको सर्कल’ हे नाव चिकटले. कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलून बॉश झाले, चौकाचे बदलले नाही. ट्रकवाल्यांच्या तोंडी तर ‘मायको’ हा पंपाला समानार्थी शब्दच झाला. हमरस्त्यांवर ‘डिझेल पंप व नोझल रिपेअरिंग’ अशा पाट्या लागल्या. आत टेस्ट बेंच, काचेच्या नळ्यांची रांग, आणि साध्या गॅरेजमध्ये सहसा न दिसणारी स्वच्छता. पंपवाला हा मिस्त्रींमधला सोनार.

इथेच एक दरी पडली. पंपवाल्याकडे जातो तो सुटा काढलेला पंप. बेंचवर त्याला स्वच्छ गाळलेले तेल, योग्य दाबाने, हवेच्या एका बुडबुड्याशिवाय मिळते. तिथे तो उत्तम चालतो. गाडीवर बसवला की त्याला मिळते टाकीच्या तळातल्या गाळातून, तडकलेल्या रबरी नळीतून, अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधून आलेले डिझेल. बेंचवरचा पंप आणि गाडीवरचा पंप ही एकच वस्तू, पण परिस्थिती वेगळी. पंपवाला म्हणतो माझे काम चोख आहे, आणि ते खरे असते. गाडीचा मालक म्हणतो गाडी तशीच आहे, तेही खरे असते. मधल्या नळीचा धनी कोणीच नसतो.

म्हणून रस्त्यावरच्या मिस्त्रींनी आपली स्वतंत्र विद्या तयार केली. तिचा मुख्य शब्द ‘एअर’. गाडीने एअर धरली, एअर काढली, परत एअर घेते आहे. डिझेल दाबले तर जवळजवळ आकसत नाही, हवा आकसते. पंपाच्या नळीत हवेचा बुडबुडा आला की दट्ट्या त्यालाच दाबत आणि सोडत बसतो, नोझल उघडत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून प्रायमर मारला की आधी फेस येतो, मग स्वच्छ धार. इतके कोणालाही जमते. खरा मिस्त्री ओळखावा तो पुढच्या पायरीवर. सकाळी एअर काढली आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीने पुन्हा धरली, तर तो तिसऱ्यांदा एअर काढत नाही. तो चीर शोधतो. बँजो बोल्टखालची तांब्याची वॉशर एकदा दाबली गेली की कडक होते; ती लाल तापवून पाण्यात बुडवली की पुन्हा मऊ पडते आणि बसते. आणि सर्वांत साधी, सर्वांत निर्णायक परीक्षा म्हणजे टाकीकडून येणारी नळी सोडवायची, डिझेलचा कॅन इंजिनाच्या वर टांगायचा आणि पंपाला थेट त्यातून पाजायचे. मॉडेल टीच्या काळात परत जायचे म्हणा ना. कॅनवर गाडी सुरळीत धावली तर पंप निर्दोष. गुन्हेगार कॅनने वगळलेल्या वाटेत आहे.

पुण्याशी या इतिहासाचा आणखी एक धागा जुळतो, तो अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातून येतो. कोलंबस या गावी क्लेसी कमिन्स या यंत्रज्ञाने १९१९ मध्ये इंजिनांची कंपनी काढली. डिझेल इंजिन मोटारीत घालून लोकांना चकित करण्याची त्याला हौस होती. १९३१ मध्ये त्याच्या डिझेल गाडीने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदाही न थांबता पुरी केली. १९५२ मध्ये कंपनीच्या गाडीने त्याच शर्यतीत पात्रता फेरीतला सर्वाधिक वेग गाठून पहिली जागा पटकावली. चालक होता फ्रेड अगाबाशियन. पण ७१ फेऱ्यांनंतर गाडी बाहेर पडली. इंजिन मोडले नव्हते. टर्बोचार्जरचे हवा घेणारे तोंड खाली, रस्त्याजवळ होते आणि धावपट्टीवर घासून पडलेल्या टायरांच्या रबराचा चुरा त्यात बसला होता. इंजिनाचा श्वास कोंडला. इथेही दोष आत येणाऱ्या वाटेचाच.

१९५४ च्या सुमारास कमिन्सने ‘पीटी’ ही इंधनपद्धती आणली. प्रेशर आणि टाइम, म्हणजे दाब आणि वेळ. बॉशच्या पंपात इंधनाचे माप दट्ट्याची खाच ठरवते; मागून येणारा दाब थोडा कमी-जास्त झाला तरी खपते. पीटीमध्ये पंप फक्त कमी दाबाचा पुरवठा करतो. प्रचंड दाब प्रत्येक सिलिंडरवरचा इंजेक्टर स्वतः निर्माण करतो, आणि त्यात किती इंधन शिरणार हे पंपाकडून आलेल्या दाबावर आणि भोक उघडे राहण्याच्या वेळेवर ठरते. म्हणजे दाब हेच माप. दाब घटला की ताकद त्याच प्रमाणात घटली. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्सची पुण्यात स्थापना झाली, कोथरूडला कारखाना उभा राहिला आणि ही पद्धत इथल्या कामगारांच्या हाताखाली आली. पीटीवर काम करणाऱ्याला ‘पंप ओढत नाही’ असे मोघम बोलून चालत नाही. पंपाच्या तोंडाशी शोषणाचा मापक लावायचा आणि आकडा वाचायचा: फिल्टर स्वच्छ असताना ४ इंच पाऱ्याहून अधिक ओढ लागता कामा नये, फिल्टर मळला असला तरी ८ इंचांच्या पुढे नाही. त्याहून जास्त ओढ दिसली तर पंप भुकेला आहे, आजारी नाही. तोरिचेल्लीचा पारा तीनशे वर्षांनी असा गॅरेजात उतरला. शोषणाच्या नळीत काचेचा तुकडा बसवून त्यातून बुडबुडे जातात का हे पाहण्याची रीतही याच परंपरेतली.

आता ज्या प्रकरणात हे सारे धागे एकत्र येतात त्याकडे वळू. १९८९ मध्ये डॉजने आपल्या ‘रॅम’ या पिकअप ट्रकमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले. अमेरिकेत शेतकरी, घोडे वाहणारे, घरे बांधणारे यांची ती लाडकी गाडी झाली. १९९४ पासून तिच्यात बॉशचा रांगेतला मोठा पंप होता. त्याच्या कॅमशाफ्टला इंजिनाच्याच ऑइलचे वंगण. फीड पंप, ज्याला तिकडे ‘लिफ्ट पंप’ म्हणतात, इंजिनाच्या कॅमवर चालणारा आणि दणकट. मोठ्या पंपातून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलच्या वाटेवर स्प्रिंगची एक छोटी झडप असे. ती परतीची वाट अडवून धरते म्हणून पंपाच्या पोटात दाब टिकतो. वर्षांनी ती स्प्रिंग थकते. डिझेल बिनबोभाट परत टाकीत पळू लागते, दाब उतरतो, गाडीचा जोर जातो. लोक लिफ्ट पंप बदलत, दाब तसाच. परीक्षा काही क्षणांची आहे. परतीची रबरी नळी क्षणभर चिमटीत धरायची. मापकाचा काटा झटकन वर गेला तर पंप ठणठणीत आहे, आणि बदलायची आहे ती हातात मावणारी झडप.

दाब म्हणजे पंपाची ताकद नव्हे, हे इथे ध्यानात येते. पंप प्रवाह देतो. त्या प्रवाहाला पुढे जो अडसर मिळतो त्यातून दाब जन्मतो. म्हणून मापकावर आकडा कमी आला की तीन शक्यता उरतात: पंप देत नाही, पंपाला मिळत नाही, किंवा पंपाने दिलेले कुठेतरी मोकळे सुटते आहे. उलट, परतीची वाटच तुंबली तर आकडा उत्तम दिसतो आणि प्रवाह मात्र नावाला नसतो. त्यासाठी जाणकार दाबाबरोबर मापाच्या भांड्यात ठरावीक सेकंदांत किती डिझेल पडते तेही पाहतात.

१९९८ च्या मध्यात डॉजने इंजिन बदलले. चोवीस व्हॉल्व्हचे, धूर कमी करणारे, संगणकावर चालणारे. त्यासाठी बॉशचा ‘व्हीपी ४४’ हा नवा पंप आला. तो एकट्याने सहाही सिलिंडरांना वाटप करतो, आणि त्याच्या डोक्यावर स्वतःचा छोटा संगणक. पण या पंपाला इंजिनाचे ऑइल मिळत नाही. त्याचे वंगणही डिझेल आणि त्याला थंड ठेवणारेही डिझेल. आलेल्या डिझेलपैकी मोठा भाग केवळ त्याला गार ठेवून टाकीत परततो. म्हणजे पुरवठा कमी पडला तर फक्त जोर कमी होत नाही, पंप भाजतो आणि झिजतो. असे असताना लिफ्ट पंप मात्र विजेवर चालणारा, साधा, आणि तोही इंजिनाच्या अंगावर, टाकीपासून दूर बसवलेला. विजेचा पंप ढकलण्यात वाकबगार असतो, ओढण्यात कच्चा. वर इंजिनाची उष्णता आणि कंपने. ते पंप धडाधड मेले.

पण खरा घात पुढे आहे. लिफ्ट पंप मेल्याचे कळतच नसे. व्हीपी ४४ च्या पोटात स्वतःचा एक पाकळ्यांचा पंप आहे. लिफ्ट पंप बंद पडला तरी तो स्वतःच टाकीतून डिझेल ओढून घेई. गाडी चालत राही. समोरच्या फलकावर इंधनाच्या दाबाचा काटा कंपनीने दिलेला नव्हता. काही महिन्यांनी ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी अधूनमधून निपचित राहू लागे, आणि संगणक पी०२१६ हा सांकेतिक क्रमांक दाखवी, म्हणजे इंधन सोडण्याची वेळ साधत नाही. गॅरेजवाला व्हीपी ४४ बदली. किंमत हजार डॉलरच्या वर. मेलेला लिफ्ट पंप तसाच. नवा व्हीपी ४४ त्याच उपासमारीने झिजायला लागे. संगणकाने खोटे सांगितले नव्हते. ती वेळ साधणारा भाग खरोखरच झिजलेला होता. पण तो का झिजला, हे त्या क्रमांकात लिहिलेले नव्हते.

मालक शहाणे झाले आणि दोन्ही पंप एकदम बदलू लागले. तरी काहींच्या मापकावर दाब कमीच. इथून पुढची शोधयात्रा मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत रंजक वाटते, कारण ती गॅलिलिओच्या कारागिराच्या वाटेनेच जाते. एक तर माप घेण्याची वेळ. स्टार्टर फिरत असताना या गाडीचा संगणक लिफ्ट पंपाला मुद्दाम थोडीच वीज देतो. त्या वेळी दाब मोजला तर नवा कोरा पंपही दोषी ठरतो. मग वीज. जोडणीच्या पिना गंजलेल्या असल्या तर पंपापर्यंत बारा व्होल्ट पोहोचत नाहीत आणि तो मंद फिरतो. म्हणून व्होल्ट बॅटरीवर नव्हे, पंपाच्या तोंडाशी, तो चालू असताना मोजायचे. मग टाकीच्या आतली नळी आणि तिच्या तळाची जाळी. गाळाने जाळी भरली, किंवा रबर तडकले, तर टाकी भरलेली असताना गाडी छान चालते आणि निम्मी झाली की खोकू लागते, कारण चीर आता पातळीच्या वर आलेली असते. साग्रेदोच्या टाक्यासारखेच. मग अरुंद जोड. बँजो बोल्टची भोके इतकी लहान की जोरात चालवताना त्यांतूनच दाब गळून जाई. अखेरीस मापकही तपासावा. तोही खोटे बोलतो. गाडी उभी असताना नव्हे, ओझे ओढत चढावर असताना काटा काय सांगतो तेच खरे. हजारो मालकांनी खिशातून पैसे घालून गाडीत तो काटा बसवून घेतला. कंपनीनेही नंतर बदली म्हणून टाकीच्या आत बसणारा लिफ्ट पंप देऊ केला. ओढण्याचे काम जवळजवळ संपले, फक्त ढकलण्याचे उरले. विहिरीत पंप खाली उतरवण्याचा तोच विचार.

दरम्यान काळ पुढे गेला होता. १९९५ मध्ये जपानच्या डेन्सोने ट्रकसाठी आणि १९९७ मध्ये बॉशने मोटारींसाठी ‘कॉमन रेल’ पद्धत बाजारात आणली. एका जाड नळीत हजार-दीड हजार वातावरणांचा दाब सतत भरून ठेवायचा आणि विजेवर उघडणारे इंजेक्टर त्यातून हवे तेव्हा घेणार. डॉजनेही २००३ पासून हीच वाट धरली. भारतात धुराचे नियम कडक होत गेले. २०१७ मध्ये देशभर बीएस-४ आणि २०२० मध्ये बीएस-६ लागू झाले, आणि ट्रकमधला तो जुना, क्लीनरच्या हातातला प्रायमर मागे पडत गेला. मिस्त्रीच्या हाती स्कॅनर आला. रेलमधला दाब अपुरा असला की त्यावर पी००८७ येते. बाकी काही येत नाही. नव्या पिढीतले अनेक जण हा क्रमांक ‘पंप गेला’ असा वाचतात आणि गाडीच्या सर्वांत महाग भागांपैकी एक मागवतात. नवा पंप बसतो, स्टार्टर फिरतो, इंजिन पेट घेत नाही, आणि स्कॅनरवर पुन्हा तेच.

या पद्धतीत चोर बहुधा पुढच्या बाजूला असतो. इंजेक्टरची आतली बैठक झिजली की रेलमधले डिझेल सिलिंडरमध्ये न जाता परतीच्या वाटेने टाकीकडे निसटते. स्टार्टरवर इंजिन हळू फिरत असताना पंप थोडेच देऊ शकतो. तेवढेही एका झिजलेल्या इंजेक्टरमधून निघून गेले तर दाब पेटण्याच्या पातळीला पोहोचतच नाही. ज्याला हे माहीत आहे तो पंपाला हात लावण्याआधी सर्व इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या सोडवतो, प्रत्येकीला एकेक पारदर्शक बाटली लावतो, त्या ओळीने उभ्या करतो आणि स्टार्टर मारायला सांगतो. पाच बाटल्यांच्या तळाशी थोडेथोडे डिझेल जमते. सहावी अर्धी भरते. तो त्या इंजेक्टरवर खडूने खूण करतो आणि नवा पंप खोक्यातून न काढताच परत पाठवतो.